सायफाय मालिकांचं रीबूट : गाजलेल्यांना हात लावू नका, फसलेल्यांना लावा

जुनाट (धागाकर्ता)

बरेच दिवस डोक्यात घोळत होतं, शेवटी धागा काढतोच.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'ची नवी मालिका, म्हणजे २००३ची मिनीसिरीज आणि पुढचे चार सीझन, मी तीनदा पाहिलीय. १९७८ची मूळ मालिका मात्र कधीच पाहिली नव्हती. ती मागच्या आठवड्यात लावली. कल्पना काय जबरदस्त आहे बघा. माणसांच्या बारा वसाहती एका हल्ल्यात बेचिराख होतात, उरलीसुरली माणसं मिळेल त्या यानात कोंबून पृथ्वी नावाची दंतकथा शोधत पळत सुटतात, आणि मागे सायलॉन नावाचे यंत्रमानव. एवढं सगळं मांडून झालं आणि पहिलीच कथा संपायच्या आत ही मंडळी एका ग्रहावरच्या जुगारअड्ड्यात! झगमगाट, गाणी, खाणंपिणं. अहो, परवा तुमची अख्खी जमात मेली ना? लढाईचे शॉट्स तर इतक्या वेळा फिरवून वापरलेत की पाचव्या-सहाव्या भागात कुठलं यान कधी फुटणार हे मला तोंडपाठ झालं होतं.

आता नव्या मालिकेतला '३३' हा भाग आठवा. मिनीसिरीजनंतरचा पहिलाच. सायलॉन दर ३३ मिनिटांनी हल्ला करतात. ताफा उडी मारतो, घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, ३३ मिनिटांनी पुन्हा तेच. पाच दिवस कोणी झोपलेलं नाही. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दाढी वाढलेली, साध्या वाक्यात शब्द सापडत नाहीत. राष्ट्राध्यक्ष रोझलिनच्या मागे एक पांढरा फळा आहे, त्यावर जिवंत माणसांचा आकडा हाताने लिहिलेला. तो पुसायचा, कमी करायचा, पुन्हा लिहायचा. आणि भागाच्या शेवटी एका यानावर बाळ जन्मल्याचं कळतं, तेव्हा ती तो आकडा एकाने वाढवते. बस. जुन्या मालिकेकडे हीच कल्पना, हाच ताफा, हीच माणसं होती. फळा तेवढा सुचला नव्हता.

म्हणून माझं म्हणणं : रीबूट करायचंच तर ज्यांची कल्पना मोठी आणि अंमलबजावणी लंगडी अशा मालिकांचं करा. जे जमून गेलंय त्याला हात लावू नका. होतं नेमकं उलटं. ज्याचं नाव मोठं, तेच पुन्हा काढतात.

तुम्हाला काय वाटतं?


रिकामटेकडी

रुमाल टाकून ठेवते. रात्री सविस्तर लिहिते.


धूमकेतू

धागा आवडला, पण आधी शब्दांचा घोळ निस्तरू या, नाहीतर शंभर प्रतिसाद नुसते 'हे रीबूट आहे का' यावरच जातील.

'डॉक्टर हू' २००५मध्ये परत आली ते रीबूट नव्हे. १९६३ला सुरू झालेली, १९८९ला थांबलेली तीच गोष्ट पुढे चालू. मधे १९९६चा एक टीव्ही चित्रपट, तोही त्याच गोष्टीत धरलेला. 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' (१९८७) हे तर सरळ सरळ पुढचं पर्व : जहाजाचं नाव तेच, माणसं नवी, काळ पुढचा. रीबूट म्हणजे पाटी पुसून पहिल्यापासून, जसं गॅलॅक्टिका. आणि २००९चा 'स्टार ट्रेक' चित्रपट म्हणजे दोन्ही दगडांवर पाय. पाटी पुसली, पण पुसण्याचं कारणही गोष्टीतच दिलं, वर म्हाताऱ्या स्पॉकच्या भूमिकेत लेनर्ड निमॉयना आणून आशीर्वादही घेतला.

डॉक्टर हूचं नशीब असं की तिच्यात रीबूटची सोय जन्मापासून नसली तरी तिसऱ्या वर्षापासून आहे. १९६६मध्ये डॉक्टर झालेल्या विल्यम हार्टनेलना तब्येतीमुळे काम झेपेना, तेव्हा नट बदलण्यासाठी 'डॉक्टर मरत नाही, बदलतो' ही युक्ती काढली. अडचणीतून निघालेली पळवाट मालिकेचा कणा होऊन बसली. इतर कोणाकडे ही सोय नाही, म्हणून इतरांना पाटी पुसावी लागते.


तिरकस

फळ्याचं कौतुक झालं, आता गॅलॅक्टिकातल्या वैमानिक स्टारबकचं बोलू. मूळचा स्टारबक डर्क बेनेडिक्ट. नवीन मालिकेत त्याची बाई करून टाकली. नाव तेच ठेवायचं आणि माणूस बदलायचा, मग नाव तरी कशाला? स्वतःचं नवीन पात्र लिहा की. हे म्हणजे जुन्या दुकानाची पाटी वापरून भलताच माल विकणं.


काकदृष्टी

@तिरकस, नवी मालिका किती पाहिलीत?


तिरकस

ट्रेलर.


काकदृष्टी

वाटलंच. :)

अहो, सिगार, पत्ते, वरिष्ठांशी पंगा, उडवण्यातली कमाल, सगळं तिच्यात आहे. केटी सॅकहॉफने त्यात एक जखमी, स्वतःवर चिडलेली बाई भरली. जुन्या स्टारबकचं बेफिकीर असणं नुसतं मजेशीर होतं. हिचं का आहे ते कळत जातं, आणि कळल्यावर मजा वाटेनाशी होते.

दुसरी गोष्ट. मूळ मालिकेतला अपोलो, रिचर्ड हॅच. त्यांना जुनीच गोष्ट पुढे न्यायची होती. त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली, पदरचे पैसे घालून ट्रेलर बनवला. रीबूटला त्यांचा विरोध होता आणि तो त्यांनी लपवला नाही. आणि मग त्याच रीबूटमध्ये टॉम झॅरेकची भूमिका केली. ती पाहुण्या कलाकाराची दोन मिनिटांची हजेरी नाही, राजकीय कैद्यापासून सत्तेपर्यंत जाणारा चांगला गुंतागुंतीचा माणूस आहे. ज्याचा अपोलो काढून घेतला तो माणूस सेटवर गेला, संहिता वाचली आणि म्हणाला असेल, हे वेगळं आहे पण खोटं नाही. (हे वाक्य माझं, त्यांच्या तोंडी घालू नका.)


अर्धवट

+१ काकदृष्टी. '३३'ला सायफायचा ह्यूगो पुरस्कार मिळाला होता, २००५चा. नुसती नोंद.


गगनविहारी

जुनाट यांच्या मुद्द्याला माझा एक खोडा.

रॉनल्ड मूर, म्हणजे नवी गॅलॅक्टिका लिहिणारा माणूस, आधी स्टार ट्रेकचा लेखक. 'डीप स्पेस नाइन' संपल्यावर 'व्हॉयेजर'वर गेला आणि फार थोड्या काळात बाहेर पडला. त्याची तक्रार काय होती? घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर हरवलेलं जहाज. ना गोदी, ना सुटे भाग, ना बदली माणसं. तरी दर आठवड्याला जहाज कसं चकाचक, गणवेश कसे इस्त्रीचे? खलाशांची आपसांत तेढ कुठाय? टंचाई कुठाय?

आता नवी गॅलॅक्टिका बघा. दारूगोळा संपतोय, पाणी संपतंय, वैमानिक मरताहेत, विमानं ठिगळं लावून उडवताहेत. हे १९७८च्या मालिकेचं रीबूट आहे की व्हॉयेजरचं? मला तर कायम वाटतं की पाटी गॅलॅक्टिकाची आणि आत्मा व्हॉयेजरवर न लिहू दिलेल्या गोष्टींचा. म्हणजे फसलेली कल्पना दुरुस्त करायला त्या मालिकेचं नाव लागतच नाही. उलट उदाहरण 'द ऑर्व्हिल' (२०१७) : नाव वेगळं, हक्क वेगळे, पण आतून 'नेक्स्ट जनरेशन'चीच चाल.

तेव्हा रीबूट कशाला? कल्पना घ्या, पाटी सोडा.


जुनाट

गगनविहारी, हे मला सुचलं नव्हतं. व्हॉयेजरचा मुद्दा मान्य, अगदी शंभर टक्के.

पण एक व्यवहाराचं बोलतो. मूर नुसती वही घेऊन गेला असता, 'माझ्याकडे पळणाऱ्या ताफ्याची गोष्ट आहे, नायक दमलेले आहेत, धर्मावर बोलायचंय, छळाचं समर्थन करणारे आपलेच लोक दाखवायचेत', तर त्याला कोणी उभं केलं असतं का? पाटी होती म्हणून दार उघडलं. २००३मध्ये, दोन वर्षांपूर्वी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळलेले असताना, हे सगळं थेट नाटक म्हणून लिहिलं असतं तर किती जणांनी चालू दिलं असतं कोण जाणे. जुन्या 'मुलांच्या' मालिकेचं नाव हा बुरखा होता.


रिकामटेकडी

रुमाल उचलते. 'बुरखा' शब्दावरूनच सुरू करते, कारण मला 'ट्वायलाइट झोन'वर लिहायचंय.

तिचा कर्ता रॉड सेर्लिंग सायफायकडे आवड म्हणून आला नव्हता, वैतागून आला होता. १९५०च्या दशकात तो टीव्हीचा नावाजलेला नाटककार होता. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनावरून त्याला नाटक लिहायचं होतं. १९५६मध्ये ते प्रक्षेपित झालं तोवर प्रायोजकांच्या भीतीपोटी त्याचं काय केलं? घटनास्थळ दक्षिणेतून उचलून न्यू इंग्लंडमध्ये नेलं. मेलेला माणूस कृष्णवर्णीय राहिला नाही, कोणी एक परदेशी झाला. सेर्लिंगच्या ध्यानात आलं की माणसाच्या तोंडून जे बोलू देत नाहीत ते मंगळावरच्या प्राण्याच्या तोंडून बोललं तर कोणी हटकत नाही. १९५९ ते १९६४, १५६ भाग, त्यातले ९२ त्याने स्वतः लिहिले.

आता रीबूट मोजा. १९८५, २००२, २०१९. तीन वेळा. तिन्हींत काही भाग चांगले आहेत, मी तिन्ही पाहिलेत, पण एकही मूळच्या जवळपास नाही. का? मला वाटतं, बुरख्याची गरज संपली. २०१९च्या मालिकेत वंशद्वेषावर सरळ वंशद्वेष म्हणून भाग करता येतो. कोणी अडवत नाही. मग पात्रं येऊन मुद्दा सांगतात, समजावतात, पुन्हा सांगतात. मूळ मालिकेतला 'मेपल स्ट्रीट' हा भाग (१९६०) आठवा. गल्लीत वीज जाते. मग एकाच्या घरचे दिवे लागतात, एकाची गाडी आपोआप चालू होते, आणि तेवढ्यावर शेजारी शेजाऱ्याला परग्रहवासी ठरवतात. कोणीही 'संशय वाईट असतो' असं म्हणत नाही. सेर्लिंग शेवटी निवेदक म्हणून बोलतो, पण तोवर तुमच्या पोटात गोळा आलेला असतो. २००३ला हीच कथा दहशतवादाच्या संशयावर बेतून पुन्हा केली. हेतू कळतो, पण पाहताना सतत कोणीतरी कोपराने ढोसतंय असं वाटत राहतं.

म्हणजे माझी कसोटी जुनाटपेक्षा वेगळी आहे. मालिका फसली की गाजली हे नाही. ती ज्या अडचणीतून जन्मली तशी अडचण आज आहे का? असेल तर करा. २००३ला गॅलॅक्टिकाकडे ती होती.


धूमकेतू

वा! यासाठी रुमाल टाकलेला परवडला.

याच मापाने १९८३ची 'व्ही' मोजून बघा. केनेथ जॉन्सनची मूळ कल्पना अमेरिकेत हुकूमशाही येण्याची, परग्रहवासी नंतर घुसवले. म्हणून ती मिनीसिरीज अजून टोचते : शास्त्रज्ञांना वेचून गोत्यात आणणं, शेजाऱ्यांनी चुगल्या करणं. २००९च्या रीबूटमध्ये यानं मोठी झाली, सरड्यांसारखे परग्रहवासी चकचकीत झाले, टोचणी गेली. दोन सीझनांत आटोपली.


फीतवाला

मी चित्रफितींच्या जतनाचं काम करतो, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने. लांबेल, आधीच माफी.

सगळे 'नवीन काढावं का' विचारताय. मी विचारतो, जुनं दिसतंय का?

मूळ 'स्टार ट्रेक' (१९६६-६९, ७९ भाग) आज लखलखीत दिसते कारण सगळं ३५ मिमी फिल्मवर होतं, संकलनासकट. निगेटिव्ह काढा, स्वच्छ करा, पुन्हा स्कॅन करा. 'नेक्स्ट जनरेशन'ची गोची वेगळी. चित्रीकरण फिल्मवर, पण संकलन आणि इफेक्ट्स व्हिडिओ टेपवर. अंतिम प्रत म्हणजे टेप, आणि टेपला तिच्या रेषांपलीकडे काही नसतं, कितीही मोठं करा. म्हणून ब्लू-रेसाठी काय केलं, तर मूळ निगेटिव्हचे डबे शोधून १७८ भागांचं संकलन शॉट बाय शॉट पुन्हा जुळवलं आणि इफेक्ट्स नव्याने बसवले. हे काम कधी केलंत तरच त्याचा अर्थ कळेल. एखाद्या शॉटचे सहा टेक असतात, त्यातला नेमका कुठला वापरलाय ते जुन्या प्रतीतल्या पापणीच्या हालचालीवरून ओळखायचं. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर'साठी हा खर्च कोणी उचलला नाही. त्या अजून टेपच्या धुक्यातच आहेत.

'बॅबिलॉन ५'चं तर दुखणंच. नटांचे प्रसंग रुंद पडद्याचा विचार करून फिल्मवर घेतले, पण यानांचे कॉम्प्युटर इफेक्ट्स त्या काळच्या चौकोनी पडद्यापुरते आणि कमी रिझोल्यूशनचे. डीव्हीडीत रुंद चित्र द्यायला गेले तर इफेक्ट्सचे शॉट्स वरखाली कापून ताणावे लागले. बोलणारा माणूस स्वच्छ, तोच माणूस खिडकीपाशी गेला आणि मागे यान आलं की चित्र एकदम पिठूळ. २०२१च्या आवृत्तीत पुन्हा चौकोनी चित्रावर आले, तेव्हा कुठे बरं झालं.

आणि डॉक्टर हूचे साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग चित्ररूपात नाहीतच. टेप महाग, जागा कमी, पुन्हा दाखवायचे कोणाला, म्हणून पुसून वापरल्या. आवाज मात्र सगळ्या भागांचा शिल्लक आहे. का? तर घरी बसलेल्या काही चाहत्यांनी टीव्हीवरून तो टेप रेकॉर्डरवर घेऊन ठेवला होता.

तेव्हा रीबूट करा, जरूर करा. पण त्या खर्चाचा एक तुकडा मूळ मालिकेच्या निगेटिव्हवर टाकायचा असा नियम हवा. मूळ धड दिसत नसेल तर तुमचं नवीन चांगलं की वाईट हे ताडून बघणार कशाशी?


गगनविहारी

फीतवाला, दंडवत. वेगळा धागा काढा यावर.


काकदृष्टी

बॅबिलॉन ५ निघालीच आहे तर. जुनाट, ही तुमच्या कसोटीत कुठे बसते? गाजलेली म्हणावी तर स्टार ट्रेकएवढी नाही. फसलेली तर नाहीच. पाच वर्षांची गोष्ट आधी ठरवून लिहिलेली, ११० भागांपैकी ९२ तिच्या कर्त्या स्ट्रॅझिन्स्कीचे एकट्याचे. आणि गंमत म्हणजे रीबूट त्यालाच स्वतःला करायचंय. २०२१मध्ये जाहीर झालं होतं, अडकून पडलं.

मला ते नको आहे, आणि माझं कारण कसोटीबिसोटी नाही. दुसऱ्या सीझनमध्ये नार्न ग्रहावर वरून उल्कांसारखे दगड टाकून शहरं चिरडतात तो प्रसंग. शत्रुपक्षाचा राजदूत लाँडो मोलारी, त्यानेच ते घडवून आणलंय. तो जहाजाच्या खिडकीपाशी उभा राहून बघतोय. संवाद नाही. काचेत त्याचा चेहरा, पलीकडे पडणारे दगड. पीटर जुरासिकच्या चेहऱ्यावर विजय नाही, पश्चात्तापही नाही, आपण काय केलं हे नुकतंच कळायला लागल्याची भीती आहे. ते इफेक्ट्स आज खेळण्यातले वाटतात, मान्य. मला त्या चेहऱ्यापुढे ते दिसत नाहीत. समोरचा नार्न राजदूत जी'कार म्हणजे अँड्रियास कत्सुलस, ते आता नाहीत. डेलेन झालेल्या मीरा फुरलान नाहीत. त्या संचातले निम्मे गेले. हे पुन्हा कोणाकडून करून घेणार?


अर्धवट

पण हा तर्क नाटकाला लावाल? नाटक नव्या संचात येतं, दर पिढीला येतं. आधीच्या नटाची आठवण काढून हळहळतो आपण, पण 'आता करूच नका' म्हणत नाही. टीव्हीलाच सोवळं का?


काकदृष्टी

नाटकाचा जुना प्रयोग संपलेला असतो म्हणून. हा अजून चालू आहे, बटण दाबलं की.


धूमकेतू

नव्या संचाचं चांगलं उदाहरण जपानचं आहे. 'स्पेस बॅटलशिप यामातो' १९७४ची, २६ भाग. 'यामातो २१९९' ही २०१२-१३ची, पुन्हा २६ भाग आणि जवळपास तीच गोष्ट. जहाजावर आधी नावापुरती एकच बाई होती, तिथे माणसं वाढवली, शत्रूलाही चेहरे दिले. बाकी प्रवास तोच. पाटी पुसली नाही, अक्षर सुधारून गिरवली. जुने चाहते नाराज झाले नाहीत असं नाही, पण 'का केलं' असं विचारावंसं वाटत नाही.


जुनाट

बॅबिलॉन ५वर माझ्याकडे उत्तर नाही. कसोटी तिथे अडते, कबूल. फीतवाल्यांच्या प्रतिसादानंतर तर वाटतंय की तिला रीबूट नको, नवे इफेक्ट्स हवेत. चेहरा ठेवा, मागचे दगड तेवढे बदला.

पण रिकामटेकडीची आणि माझी अशा दोन्ही कसोट्यांवर उतरेल अशी एक मालिका माझ्याकडे आहे : 'ब्लेक्स ७'. १९७८ ते ८१, ५२ भाग. डॉक्टर हूमधले खलनायक डालेक ज्याचे, त्याच टेरी नेशनची. सेट हलतात, खडकाळ ग्रह म्हणून दर वेळी कुठलीतरी खाणच दिसते, लढाया खोक्यांच्या. आणि आत काय लिहिलंय! सरकारविरुद्ध लढणारा नेता, ज्याच्यावर पहिल्याच भागात लहान मुलांच्या छळाचा खोटा आरोप ठेवून त्याची बदनामी केली जाते. सोबतीला चोर, भित्रे, आणि एव्हॉनसारखा माणूस, ज्याला नेत्यावर विश्वास नाही पण सोडवतही नाही. खोटी बदनामी, पाळत, पाण्यातून आणि हवेतून गुंगीचं औषध. आजची अडचण नाही म्हणता? रीबूटच्या घोषणा अनेकदा झाल्या, पडद्यावर आलं काहीच नाही.


रिकामटेकडी

आणि शेवट? तो ठेवणार का? (१९८१चा शेवट आहे, स्पॉयलरची ओरड करू नका.) सगळे गोळ्या खाऊन पडतात, ब्लेकला खुद्द एव्हॉनच मारतो. मग गराड्यात एकटा उभा एव्हॉन बंदूक उचलतो आणि हसतो. पुढे फक्त गोळ्यांचे आवाज. नाताळच्या चार दिवस आधी दाखवलं होतं हे!

ज्यांना माहीत आहे त्यांना धक्का बसणार नाही. बदलला तर ती ब्लेक्स ७ राहणार नाही. गोची आहे जुनाट.


जुनाट

ठेवणार. आधी माहीत असल्यावर ते हसू जास्त भयंकर वाटतं, मी पुन्हा पाहताना अनुभवलंय. पण निर्माता मी नाही हे बरंच आहे.


फीतवाला

अवांतर : डालेकचं नाव निघालंच आहे म्हणून. २००५च्या भागात डालेक जिना चढतो त्याचं फार कौतुक होतं, 'पहिल्यांदाच' म्हणून. तसं नाही. १९८८मध्येच चढला होता. रीबूटवाल्यांना श्रेय द्या, पण हिशेबाने.


तिरकस

काकदृष्टींच्या खोचक प्रश्नामुळे काल मिनीसिरीज बघितली. मूळच्या मालिकेवर माझा जीव आहे आणि राहील, जुगारअड्ड्यासकट.

आता '३३' लावलाय. पहाटेचे अडीच वाजलेत, त्यांच्यासारखीच माझीही अवस्था आहे. स्टारबकबद्दल नंतर लिहितो.